कॅमेरा हुकूमशहाचा, कॉमेंट्री आपली

एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करानं आपल्या सैनिकांसाठी 'व्हाय वुई फाइट' नावाची सात चित्रपटांची मालिका काढली. हे हुकूमशहा आले कुठून आणि आपण लढतोय कशासाठी, हे पोरांना समजावं म्हणून. त्यातला पहिला चित्रपट, 'प्रील्यूड टू वॉर', बारावीच्या वर्गाला दाखवावा का? इतिहास म्हणून तो कितपत धरून चालायचा? आणि तो बघून सैनिकांवर खरंच काही परिणाम झाला होता का?

मी इतिहासकार नाही. छत्तीस वर्षं माहितीपटांचं संकलन केलं, त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं खऱ्या फिल्मवर: फिल्म कापायचं स्टीनबेक टेबल, हातात पांढरे मोजे, कानामागे ग्रीस पेन्सिल. दुसऱ्याने चित्रित केलेल्या जुन्या रिळांतून आपली गोष्ट उभी करणं हाच माझा धंदा. म्हणून उत्तरही त्याच टेबलावरून देतो.

दाखवा. पण पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद ठेवून आणि मग आवाजासकट. असं का, ते सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिकेत लाखोंनी भरती सुरू झाली. शेतावरची, गॅरेजमधली, कॉलेजातली पोरं. घरी वीस वर्षं त्यांनी एकच ऐकलेलं, की युरोपच्या भांडणात पुन्हा पडायचं नाही. मांचुरिया कुठे आहे, पोलंडशी आपलं काय देणंघेणं, याचा बहुतेकांना पत्ता नव्हता. लष्करानं आधी व्याख्यानं लावून पाहिली. दिवसभर कवायत करून आलेल्या पोरांसमोर एखादा अधिकारी छापील टिपण वाचायचा आणि मागच्या रांगा घोरू लागायच्या. शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाला हे दृश्य नवीन नाही.

लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी मग हे काम सिनेमावाल्याला द्यायचं ठरवलं. निवड फ्रँक काप्राची. १८९७ मध्ये सिसिलीत जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर बोटीनं अमेरिकेत आलेला, तिशीच्या दशकात दिग्दर्शनाची तीन ऑस्कर मिळवलेला हा माणूस. साध्या माणसाला नायक करून हसवता-हसवता डोळ्यांत पाणी आणायचं, हा त्याचा हातखंडा. माहितीपट मात्र त्यानं आयुष्यात केलेला नव्हता.

कामाला लागण्याआधी काप्रानं लेनी रीफेनश्टालचा 'ट्रायम्फ ऑफ द विल' पाहिला. सप्टेंबर १९३४ मध्ये न्यूरेंबर्गला नाझी पक्षाचं अधिवेशन झालं, त्याचा हा चित्रपट. बघून तो हादरला. एकही गोळी न झाडता समोरच्याची लढायची इच्छाच मारून टाकणारं हत्यार आहे हे, अशा अर्थाचं त्यानं पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे. आता याला उत्तर काय द्यायचं? पैसा बेताचा, वेळ त्याहून कमी. तोडगा त्याला सुचला तो असा, की शत्रूचीच फिल्म घ्यायची आणि आपल्या पोरांना दाखवायची. बघा, हे लोक स्वतःच्या तोंडानं काय बोलतायत.

संकलक म्हणून सांगतो, ही युक्ती ऐकायला जितकी सोपी वाटते तितकी हाताळायला अवघड आहे. जप्त झालेली जर्मन, इटालियन, जपानी न्यूजरील्स, म्हणजे बातमीपट, आली. विल्यम हॉर्नबेक हा कसलेला संकलक टेबलावर बसला. काप्राचा उजवा हात होता अनातोल लिट्वाक, कीव्हमध्ये जन्मलेला ज्यू. बर्लिनच्या स्टुडिओत काम करत होता आणि नाझी आल्यावर देश सोडून निघाला. म्हणजे जे पडद्यावर दाखवायचं ते त्यानं जवळून पाहिलेलं होतं. निवेदनाला वॉल्टर ह्युस्टनचा खर्जातला आवाज, नकाशे हलवायला डिस्नेचे चित्रकार. सुमारे बावन्न मिनिटांचा 'प्रील्यूड टू वॉर' १९४२ मध्ये तयार झाला, त्या वर्षीच्या माहितीपटाच्या ऑस्करमध्ये वाटेकरी झाला आणि सैनिकांना तो बघणं सक्तीचं करण्यात आलं. मे १९४३ मध्ये सामान्य प्रेक्षकांसाठीही लावला, पण तिकीट काढून बघायला फारसं कुणी आलं नाही. सैनिकांना निदान पर्याय नव्हता.

आता त्या आवाज बंद करण्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी एका शिबिरात मी मुलांना 'प्रील्यूड'मधला चारेक मिनिटांचा तुकडा दाखवला, आवाजाशिवाय. कवायती, मशाली, झेंड्यांचं जंगल, बाल्कनीत हनुवटी पुढे काढून उभा मुसोलिनी, हात वर केलेली हजारो माणसं. तुकडा संपल्यावर विचारलं, काय वाटलं? मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "सर, भारी आहे! काय शिस्त आहे यांची!" मी काही बोललो नाही. तोच तुकडा पुन्हा लावला, आता आवाज चढवून. ह्युस्टन उपहासानं बोलतोय, मागे संगीत दातओठ खातंय. तोच मुलगा खाली बघत बसला. त्याची थट्टा करायला हे सांगत नाही, त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चित्र त्याच्याशी जे बोललं तेच त्यानं सांगितलं. ते चित्र काढणाऱ्याला प्रेक्षकानं नेमकं हेच म्हणायला हवं होतं.

रीफेनश्टालनं त्या अधिवेशनात डझनाहून जास्त कॅमेरामन लावले होते. मैदानावरच्या प्रचंड ध्वजस्तंभाला तिनं चक्क एक छोटी लिफ्ट बसवून घेतली होती, वर-खाली जाता जाता माणसांच्या रांगा टिपता याव्यात म्हणून. साठेक तासांची फिल्म जमली, त्यातून तिनं दोन तासांच्या आतला चित्रपट कापला. त्या लिफ्टमधून माणूस कसा दिसतो? चौकोनातला एक ठिपका. ठिपक्याला कंटाळा येत नाही, शंका येत नाही, बायकोशी सकाळी झालेलं भांडण आठवत नाही. काप्रानं ती फिल्म घेतली तेव्हा चित्राबरोबर तो ठिपकाही घेतला. कॉमेंट्रीनं चित्राचा अर्थ उलटा करता येतो, कॅमेऱ्याची उंची काही बदलता येत नाही.

आणि इथेच, माझ्या मते, या चित्रपटाचं घोडं पेंड खातं. हुकूमशाही आली कशी, या प्रश्नाला जर्मनीबाबत त्याचं उत्तर जवळपास असं आहे, की या लोकांना मुळातच शिस्तीची आणि हुकमाची ओढ. बेकारी, पराभवाचा सल, उद्ध्वस्त झालेली बचत हे सगळं येतं, पण घाईनं. समोरच्या रिळांत आज्ञेत चालणारी माणसंच दिसत असतील तर लिहिणाऱ्यालाही तेच सुचणार ना! पण आकडे काय सांगतात? नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींना ३३.१ टक्के मतं होती. जुलैतल्या ३७ टक्क्यांवरून ती घसरलीच होती. म्हणजे दर तीन मतदारांतले दोन विरोधात. तरी ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. लाटेवर स्वार होऊन तो सत्तेवर आला असं नाही. वरच्या वर्तुळातल्या चार शहाण्यांना वाटलं, याला खुर्ची देऊ आणि दोरी आपल्या हातात ठेवू. महिन्याभरात संसदेची इमारत जळाली, नागरिकांचे हक्क गोठवले गेले, विरोधक तुरुंगात गेले. पोलीस आणि पक्षाची गुंडपथकं रस्त्यावर असताना मार्चमध्ये जी निवडणूक झाली, तिच्यातही ४३.९ टक्क्यांपुढे गाडी गेली नाही. २३ मार्चला सगळे अधिकार हिटलरच्या सरकारच्या हाती देणारा कायदा आला. सभागृहात नाझींचे गणवेशधारी उभे असताना सोशल डेमोक्रॅट ओटो वेल्स उठून विरोधात बोलला. त्याच्या पक्षाची ९४ मतं विरोधात पडली, बाजूनं ४४४. कम्युनिस्ट सदस्यांना मतदान करताच आलं नाही, ते अटकेत तरी होते नाहीतर पळालेले.

ती ९४ माणसं 'प्रील्यूड टू वॉर'मध्ये कुठेच दिसत नाहीत. विरोधात मत दिलेले लाखो जर्मनही दिसत नाहीत. दिसणार तरी कसे? नाझी कॅमेरामनला कुणी त्यांच्या घरी पाठवलं नव्हतं. लायब्ररी शॉट, म्हणजे दुसऱ्यानं काढून ठेवलेली जुनी चित्रं, वापरणाऱ्या प्रत्येकाला हा धोका असतो. जे कुणी चित्रित केलं नाही ते हळूहळू घडलंच नाही असं वाटू लागतं. दुष्काळावरच्या एका माहितीपटात मी स्वतः हे केलं आहे. हाती होती ती सगळी सरकारी दौऱ्यांची फिल्म, आणि माझ्या दुष्काळात प्रत्येक गावात कुणीतरी साहेब जीपमधून उतरताना दिसत होता. माझ्या लक्षात आलं तेव्हा प्रिंट निघालेली होती.

म्हणून चित्रपट टाकाऊ आहे असं मात्र समजू नका. सत्ता हाती आल्यावर हुकूमशहा काय काय करतो, हा भाग त्यानं फार चोख मांडला आहे. वर्तमानपत्रं, कामगार संघटना, न्यायालयं, शाळा, प्रार्थनास्थळं, एकेक करून कशी ताब्यात घेतली जातात; आणि तिन्ही देशांत, गणवेश वेगळा असला तरी, ते कसं एकाच साच्यातून निघाल्यासारखं दिसतं. जर्मनी, इटली, जपान यांचे तुकडे एकमेकांशेजारी लावणं ही खरी संकलकाची बुद्धी. तुलना करा असं कुणी सांगत नाही, दोन तुकड्यांमधला सांधाच ते काम करतो. लहान मुलांच्या कवायतीचा भाग लक्ष देऊन बघा. तीन देशांतली मुलं पावलांच्या ठेक्यावर जोडली आहेत. एका देशातलं पाऊल उचललं जातं आणि दुसऱ्या देशात टेकतं. ठेका धरायचा म्हटलं की एक-दोन फ्रेम इकडेतिकडे झालेलं चालत नाही, आणि तेव्हा संगणक नव्हता. कात्री, फिल्म जोडायचा द्रव आणि बोटांतला अंदाज, एवढंच भांडवल. मी हा भाग पहिल्यांदा टेबलावर फ्रेम-फ्रेम करून पाहिला तेव्हा चहा गार झाला होता.

चर्चच्या रंगीत काचेच्या खिडकीचाही एक शॉट आहे. दगड येतात, काच फुटते आणि मागे 'हाइल हिटलर'चं पोस्टर उघडं पडतं. प्रेक्षागृहात हमखास कुणीतरी श्वास ओढतं. आता जरा थांबा आणि विचार करा. काच फुटल्यावर नेमकं मधोमध, पूर्ण वाचता येईल असं पोस्टर तिथे कुणी लावलं? काच फुटायच्या आधीपासून कॅमेरा तिथे कसा होता? उघड आहे, हा शॉट स्टुडिओत रचलेला. अमेरिकेत, लष्कराच्या पैशानं. नाझींनी चर्चवर दबाव आणला हे खरंच, शेकडो पाद्री तुरुंगात गेले. पण ती खिडकी खरी नाही. आणि चर्चच का? कारण समोर बसलेला सैनिक बहुधा ख्रिस्ती होता, त्याच्या छातीत कुठे टोचेल हे काप्राला पक्कं माहीत होतं. ज्यूंचा छळ, जो या सगळ्याच्या गाभ्याशी होता, तो या चित्रपटात ओझरता येऊन जातो.

आणखी दोन-तीन ठिकाणी हात राखून घ्या. जपानच्या जगज्जेतेपदाचा आराखडा म्हणून ज्या 'तनाका मेमोरियल'चा आधार घेतला आहे, तो कागद बनावट असल्याचं आज बहुतेक अभ्यासक मानतात. जपाननं १८ सप्टेंबर १९३१ ला मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्य भागात, घुसखोरी केली, ती तारीख ७ डिसेंबर १९४१ इतकीच ध्यानात ठेवा असं चित्रपट बजावतो, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी खोट्या कागदाची गरजच नव्हती. दुसरं म्हणजे स्टालिन. जगात तेव्हा तीनच हुकूमशाह्या होत्या असं हा चित्रपट पाहून वाटतं. चौथी दोस्तराष्ट्रांच्या बाजूनं लढत होती, म्हणून तिचं नाव घ्यायची सोय नव्हती. मालिकेतला पाचवा चित्रपट 'द बॅटल ऑफ रशिया' (१९४३) लेनिनग्राड आणि स्टालिनग्राडची जिद्द फार ताकदीनं दाखवतो, पण ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिननं हातमिळवणी केली होती त्याबद्दल मिठाची गुळणी धरून बसतो. तिसरं त्यांच्याच घरातलं. पडद्यावर एक उजळ आणि एक काळा असे दोन पृथ्वीगोल दाखवून केलेली 'मुक्त जग विरुद्ध गुलाम जग' अशी मांडणी बघणाऱ्या त्या लष्करात काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, आणि १ लाखाहून जास्त जपानी वंशाचे लोक, बहुतेक अमेरिकेचेच नागरिक, काटेरी कुंपणाआड ठेवले होते.

आपल्याकडचंही एक मनात येतंच. १९४२ च्या अखेरीस अमेरिकन छावण्यांत हा चित्रपट दाखवला जात होता, त्याच दिवसांत गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत होते आणि काँग्रेसचे बाकी पुढारी अहमदनगरच्या किल्ल्यात. मुक्त जगाच्या त्या उजळ गोलात आपण कुठे बसत होतो, हा प्रश्न तुमची मुलं विचारतीलच. विचारू द्या.

तुमचा तिसरा प्रश्न, परिणामाचा. याचं उत्तर असं आहे की ते ठाऊक आहे. प्रचारपटांच्या बाबतीत असं क्वचितच होतं. अमेरिकन लष्कराकडे समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांची एक तुकडीच होती. कार्ल हॉवलंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षण छावण्यांत प्रयोग केले. काही तुकड्यांना चित्रपट दाखवायचा, तशाच दुसऱ्या तुकड्यांना नाही, आणि मग दोघांकडून नाव न लिहिता प्रश्नावली भरून घ्यायची. १९४९ मध्ये ते सगळं पुस्तकरूपानं आलं.

निष्कर्ष शिक्षकांनी भिंतीवर लावावा असा आहे. माहिती उत्तम पोचली. 'द बॅटल ऑफ ब्रिटन' पाहिलेल्यांना ब्रिटिशांनी आपली विमानं धावपट्टीच्या कडेला पांगवून कशी वाचवली हे बहुसंख्येनं सांगता येत होतं, न पाहिलेल्यांतल्या थोड्यांनाच. मतं थोडीफार हलली, विशेषतः ज्या मुद्द्यावर चित्रपट थेट बोलला होता तिथे. पण लढायची इच्छा, शत्रूबद्दलचा संताप, परदेशी आघाडीवर जायची तयारी, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता, ती जवळपास होती तिथेच राहिली. आणखी एक चमत्कारिक गोष्ट सापडली. पाच दिवसांनी विचारलं तेव्हा जी मतं फारशी बदललेली नव्हती, त्यातली काही नऊ आठवड्यांनी विचारलं तेव्हा जास्त बदललेली निघाली. मधल्या काळात तपशील तर बरेचसे विसरले होते. हॉवलंडनं त्याला 'स्लीपर इफेक्ट' म्हटलं. एक तर्क असा, की 'हे लष्करवाले सांगतायत' ही शंका आधी विसरली जाते आणि मुद्दा मागे उरतो. त्यावर नंतर पुष्कळ वाद झाले. पण माझ्या धंद्यातल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. कुठल्या सिनेमात पाहिलं ते विसरतं, चित्र राहतं.

काप्राच्या उलट वाटेनं गेलेला एक माणूस मला फार आवडतो. ब्रिटनच्या माहिती खात्यात चार्ल्स रिडली नावाचा न्यूजरीलवाला होता. त्यानं तोच 'ट्रायम्फ ऑफ द विल' घेतला, आणि कवायत करणाऱ्या सैनिकांच्या फ्रेम पुढे, मग उलट्या, मग पुन्हा पुढे अशा छापल्या. पाय ताठ उचलून येणारी पलटण दोन पावलं पुढे येते, दोन मागे जाते, गिरकी घेतल्यासारखी वळते, आणि मागे वाजतं तेव्हाचं लोकप्रिय नाचगाणं 'लॅम्बेथ वॉक'. हिटलरचा सलामीचा हातही त्या ठेक्यावर वर-खाली होतो. दोनेक मिनिटांची गंमत. कॉमेंट्रीचा एक शब्द नाही. बावन्न मिनिटं ह्युस्टननं घसा कोरडा केला तरी त्या चित्रांचा दरारा पूर्ण उतरत नाही. रिडलीनं तो काही सेकंदांत उतरवला. आवाज बंद करून पाहिलं तरी ते हास्यास्पदच दिसतं, माझ्या लेखी ही त्याची परीक्षा.

आणि हुकूमशाहीत सामान्य माणूस कसा ओढला जातो हे दाखवायचं असेल, तर 'डोंट बी अ सकर' नावाची लष्कराचीच एक छोटी फिल्म आहे, १९४७ मध्ये लोकांपुढे आलेली. ती अभिनेत्यांकडून करवून घेतली आहे, म्हणून तिला ठिपक्यांची अडचण नाही. माइक नावाचा तरुण रस्त्यावरच्या एका वक्त्याचं भाषण ऐकतोय. काळे, परदेशी, कॅथलिक, सगळ्यांच्या नावानं शिमगा चालला आहे आणि माइक माना डोलावतोय. मग वक्ता फ्रीमेसन या बंधुसंघाच्या लोकांचं नाव घेतो आणि माइकचा चेहरा बदलतो. तो स्वतः फ्रीमेसन. अरे, म्हणजे मी पण? शेजारी उभा असलेला, हंगेरीतून आलेला प्राध्यापक त्याला मग बर्लिनमध्ये पाहिलेली गोष्ट सांगतो, माणसं एकमेकांपासून कशी तोडली गेली त्याची. कला म्हणून फिल्म बेताचीच आहे, अभिनय शाळेच्या गॅदरिंगचा. पण तो एक क्षण 'प्रील्यूड'च्या सगळ्या मशालींना भारी आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सविल शहरात गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मोर्चावरून झालेल्या दंगलीनंतर लोकांनी ती नेटवर शोधून काढली आणि लाखोंनी पाहिली, ती काही छायाचित्रणासाठी नव्हे.

आपल्याकडे अशा फिल्म नव्हत्या का, असंही कुणी विचारेल. होत्या. ब्रिटिश सरकारनं १९४० मध्ये मुंबईत फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड काढलं, व्ही. शांताराम काही काळ तिथे होते. १९४३ पासून 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' आणि 'इंडियन न्यूज परेड' आली, आणि भारत संरक्षण नियमांखाली थिएटरवाल्यांना त्या फिल्म दाखवणं बंधनकारक झालं. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली ती याच पायावर. सक्तीही चालू राहिली. माझ्या पिढीनं सिनेमाआधीच्या न्यूजरीलच्या वेळात बाहेर उभं राहून किती भजी खाल्ली असतील! पण आपल्या त्या युद्धकाळातल्या फिल्मांत भरती, धान्य बचत, कारखाने हाच भर. हुकूमशाही म्हणजे काय हे परक्या सत्तेनं गुलाम देशाला कुठल्या तोंडानं शिकवायचं?

काप्राच्या मालिकेशी आपला एक दुवा मात्र आहे. सहावा चित्रपट 'द बॅटल ऑफ चायना' (१९४४) जपानशी झुंजणारा चीन दाखवतो, पण तिथल्या कम्युनिस्ट फौजांबद्दल गप्प बसतो. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. ते ज्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत होते, ती हीच फौज. डिसेंबर १९४२ मध्ये ते तिकडेच वारले. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट केला. तुमच्या वर्गात दोन्ही चित्रपटांतला चीन शेजारी-शेजारी ठेवून पाहता आला, तर कुठलं रीळ कुणी गाळलं हे मुलांना फार न सांगता कळेल.

आता थोडं व्यवहाराचं. अमेरिकन सरकारनं बनवलेल्या फिल्म असल्यामुळे त्यांना तिथे स्वामित्वहक्काचं बंधन नाही, नेटवर फुकट मिळतात. पूर्ण बावन्न मिनिटं एका तासिकेत बसत नाहीत, बसवूही नका. सुरुवातीची प्रश्नांची सरबत्ती, दोन गोल, तिन्ही देशांतली मोडतोड आणि मुलांची कवायत एवढं पुरे. मांचुरिया आणि इथिओपियाचा उत्तरार्ध वेळ असेल तर पुढच्या आठवड्यात. मुलांच्या हाती आधीच मार्च १९३३ च्या मतांचे आकडे द्या. चित्र चालू असताना त्यांनी एकच काम करायचं, विरोधात मत दिलेला माणूस पडद्यावर कुठे दिसतो का ते शोधायचं. काचेची खिडकी आली की पॉज करा आणि विचारा, कॅमेरा कुठे ठेवला असेल आणि कधीपासून? उत्तर लगेच देऊ नका, त्यांना भांडू द्या.

प्रत आधी स्वतः घरी पूर्ण चालवून बघा. काही प्रतींत आवाज इतका खरखरीत आहे की ह्युस्टन बोलतोय की गिरणी चालू आहे कळत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टरचा स्पीकर बिघडलेला असेल तर पहिल्या दिवशी त्याची काळजी करू नका. दुसऱ्या दिवसासाठी मात्र कुणाकडून तरी मागून आणा.